षष्ठी

एव्हेलियो पॅराग्वेचा. पेठेच्या टीमचा लेफ्ट आउट.
सीझन संपेपर्यंत आमच्या माडीवर, भाड्यानं.
सरावाहून आला की बूट जिन्यात काढतो
आणि दोनशे पानी वही घेऊन समोर बसतो.
बत्तीस वर्षं मी हायस्कूलात इंग्रजी शिकवलं,
पास बरेच झाले. बोललं कुणी नाही.
बोलायला लागणारा हा पहिलाच.

धिस इज माय शू.
दॅट इज युअर चेअर.
भिंत हिरवी आहे, खिडकी उघडी आहे.
तो विशेषण मागून लावतो : कप ब्रोकन, डॉग स्मॉल.
आधी वस्तू, मग तिची दशा.
खरं तर तसंच दिसतं माणसाला,
पण मी लाल पेनानं बाण काढते,
फुटकं पुढं, कप मागं.

त्याच्या भाषेत ‘मी’ म्हणजे माझं
आणि ‘तू’ म्हणजे तुझं.
पहिल्या दिवशी छातीवर हात ठेवून म्हणाला,
मी कासा, मी मामा, मी पेर्रो.
मला वाटलं, पोरगं सांगतंय
घर तोच, आई तोच, कुत्राही तोच.
इतक्या लांब आल्यावर असेलही तसं.

पुढं मात्र घोटाळा.
त्याचं, तिचं, त्यांचं, अहो तुमचंसुद्धा,
सगळ्याला त्याच्याकडं एकच शब्द : सू.
एका बुट्टीत अख्ख्या गल्लीची वांगी.
इंग्रजी तेवढं विचारते, मालक बाई की बाप्या.
आमची मराठी दोन्हीकडून झडती घेते :
तिचा मुलगा, तिची म्हैस, तिचं नशीब,
त्याचा, त्याची, त्याचं.
हे मी त्याला सांगितलं नाही. घाबरला असता.

परवा जिन्याखाली बोट दाखवून म्हणाला,
हूज स्कूटर इज दॅट?
ताडपत्रीतून एक आरसा बाहेर आलेला.
मी म्हणाले, देअर स्कूटर.
त्यानं बोटं मोजली. मेनी पीपल?
नो. वन मॅन.
देन हिज, प्रोफे, हिज!
माझाच धडा, मलाच.

आता ह्याला काय सांगू?
यांची गाडी, यांचा चष्मा,
यांचं जेवण झालं का.
उद्यमनगरात लेथवर उभा राहणारा एक माणूस,
सदतीस वर्षं मी त्याला अनेकवचनात ठेवला.
गेल्यावर तीन दिवाळ्या झाल्या,
वचन काही बदललं नाही.

मग नावाचा धडा काढला.
नावापुढं एस, आणि दोघांच्या मध्ये
वर लटकणारा एक स्वल्पविराम,
खुंटीवरच्या टोपीसारखा.
त्यानं लिहिलं, माय मदर्स हेअर इज व्हाइट.
आणि पेन वर धरून थांबला :
मॅन्स नेम?

मी ते घेतलं होतं दोनदा.
एकदा मांडवात, एकदा बारशाला,
दोन्ही वेळा यमकाच्या आडून.
यमक आता सुचेना.
भूपाल्स, म्हणाले. भूपाल्स स्कूटर.
घरात तिसरं कुणी नव्हतं,
तरी पदर सारखा केला.

तो जीभ बाहेर काढून लिहीत राहिला :
भूपाल्स स्कूटर इज ब्लू.
इट इज ओल्ड. इट इज लई भारी.
‘इज’खाली मी रेघ मारली नाही.
‘लई भारी’ला पैकी मार्क दिले.

रविवारी मॅचला गेले, जन्मात पहिल्यांदा.
चेंडू रेषेबाहेर गेला
आणि एव्हेलियो हात उंचावून ओरडला, अवर बॉल!
चेंडू त्यांचा होता, मलासुद्धा दिसलं.
पण सर्वनाम बिनचूक होतं,
आणि माझ्या शेजारचे चारपाचशे लोक
लगेच त्याच्या बाजूनं इंग्रजी बोलायला लागले.

हरून आला. गुडघा सोललेला.
जिन्यात बूट काढता काढता
ताडपत्री जराशी उचलून म्हणाला,
प्रोफे, युअर स्कूटर नीड एअर.

‘नीड्स,’ मी म्हणाले. ‘तिथंही एस.’
आणि किल्ली बघायला आत गेले.